जिंतूरच्या शाळेत दोन दिवस

गेल्या भाद्रपदात मी जिंतूरला जाऊन येतो असे म्हणालो, तेव्हा शेजारच्या काकूंनी लगेच विचारले, "औंढ्या नागनाथाला वाटतं? येताना भस्माची पुडी आणा हं आमच्यासाठी." पुण्या-मुंबईचा माणूस परभणीकडे निघाला म्हणजे तो देवालाच निघाला, असे धरून चालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. एका बाजूला औंढा, दुसऱ्या बाजूला परळी, मध्ये जनाबाईचे गंगाखेड. तेव्हा काकूंची काही चूक नव्हती.

"देवाला नाही, शाळेत जातोय," मी म्हणालो.

"या वयात?" काकूंनी पदर तोंडाला लावला.

माझे वय सदुसष्ट आहे. शाळेत जाण्याचे कारण सांगायचे तर आमच्या घरातील एक गोष्ट आधी सांगायला हवी.

माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना घरातले सारे जण दादा म्हणत, ते लहानपणी जिंतूरच्या सरकारी शाळेत शिकत होते. निजामाचे राज्य होते. ७ ऑगस्ट १९४७ या दिवशी स्टेट काँग्रेसने संस्थानभर 'हिंदी संघराज्यात सामील व्हा' दिन पाळला. त्या दिवशी पंधरा वर्षांच्या दादांनी शाळेच्या आवारात तिरंगा फडकवला आणि म्हणून त्यांचे नाव शाळेतून काढून टाकण्यात आले, अशी ही गोष्ट. दर वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, बाबा आम्हां भावंडांना समोर बसवून ती सांगत. दादा पुढे कधी शाळेत गेले नाहीत. आयुष्यभर त्यांनी गावी शेती केली. ते स्वतः ही गोष्ट कधी सांगत नसत. कोणी विचारलेच तर सुपारी कातरत हसत आणि पावसापाण्याचे बोलू लागत. आम्हांला तो त्यांचा विनय वाटे.

आता माझ्या पुतण्याने घराण्याचा इतिहास छापायचे मनावर घेतले आहे. "काका, दादाआजोबांच्या सत्याग्रहाचा काही कागद मिळेल का?" असे त्याने विचारले. हल्लीच्या मुलांना आजोबांच्या शब्दालाही पुरावा लागतो! पण मलाही तो कागद पाहावासा वाटू लागला. घरात त्या पिढीतील आत्याच काय ती उरली आहे. ती चौऱ्याऐंशी वर्षांची. तिने मात्र कपाळाला आठी घातली.

"कामून जातोस इतक्या लांब? काय हाय तिथं आता?"

"शाळा आहे ना, आत्या."

"शाळा असंल. असू दे की," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

* * *

परभणीच्या स्टेशनावर उतरले की एक म्हण आठवल्यावाचून राहत नाही: 'बनी तो बनी, नही तो परभणी.' जमले तर जमले, नाही तर आपली परभणी आहेच! आपल्या गावाला एवढ्या विश्वासाने 'हक्काचे घर' म्हणणारी म्हण दुसऱ्या कोणत्या गावाला असेल असे मला वाटत नाही. माझे बालपण याच गावी गेले. बी. रघुनाथांसारखा मोठा कवी आणि कादंबरीकार बांधकाम खात्यात नोकरी करीत याच गावी राहिला आणि १९५३ साली, चाळिशीतच, इथे वारला, हे बाबा आम्हांला रस्त्यातून जाताना सांगत.

जिंतूरला रेल्वे नाही. १९०० च्या सुमारास मनमाडहून निघालेला लोहमार्ग जालना, परतूर, सेलू, मानवत रोड करीत सपाटीने परभणीला आला आणि जिंतूर बापडे वर डोंगराच्या कुशीत राहून गेले. तेव्हा परभणीहून एस. टी. धरायची. झरी मागे पडते, बोरी मागे पडते, आणि पंचेचाळीसेक किलोमीटरांची ती वाट हळूहळू चढू लागते. भूगोलाच्या पुस्तकात 'जिंतूरच्या टेकड्या' असे दोन शब्द आपण पाठ केलेले असतात, त्या या. काळीभोर जमीन संपते आणि मुरमाड माळ लागतात. दोन्ही बाजूंना सोयाबीन, कापूस, तुरी. पाऊस झालेला असला की या माळांवर गवताची अशी लव उठते की हा दुष्काळी मुलूख आहे हे कोणाला खरे वाटू नये.

गाडीत माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्याशी एस. टी.च्या गोष्टी निघाल्या. हैदराबाद संस्थानात १९३२ सालीच सरकारी मोटारी सुरू झाल्या होत्या, आपली एस. टी. १९४८ ची. म्हणजे मोटारीच्या बाबतीत आम्ही मराठवाडेकर पुणेकरांच्या सोळा वर्षे पुढे! हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मोटार आली हो आधी. शाळा कुठं आली?"

त्यांनी एका वाक्यात सारा इतिहास सांगून टाकला होता.

* * *

तो इतिहास थोडक्यात असा. निजामाच्या राज्यात सरकारी शाळेची भाषा उर्दू होती. शाळांची नावेही तशीच. प्राथमिक ती तहतानिया, मिडल स्कूल ते वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तेथे वैद्यकापासून इंजिनिअरिंगपर्यंत सारे उर्दूतून शिकवू लागले. इंग्रजी सोडून या देशातल्या भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण ती भाषा जिंतूरच्या कुणब्याच्या, वंजाऱ्याच्या, महाराच्या पोराची नव्हती. घरी 'दिवस उगवला' म्हणणाऱ्या पोराला शाळेत 'आफताब तुलू हुआ' म्हणावे लागे. पुष्कळ पोरांचा आफताब तेवढ्यातच मावळे.

आपल्या भाषेतून शिकायचे तर खासगी शाळा हवी आणि खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी हवी. ती सहसा मिळत नसे. कारण सरकारला शाळेत सभा दिसे आणि सभेत बंड. तरीही माणसांनी शाळा काढल्या. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादचे विवेकवर्धिनी १९०७ चे. औरंगाबादचे सरस्वती भुवन १९१५ चे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. एका आडगावच्या या शाळेत १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण मुख्याध्यापक म्हणून आला, पुढे त्याने संन्यास घेतला आणि तो स्वामी रामानंद तीर्थ झाला. १९३५ मध्ये स्वामीजी आणि त्यांचे सहकारी अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयात आले, आणि १९३८ साली शाळेतूनच सत्याग्रहात गेले. सरकारची भीती अगदीच निराधार नव्हती म्हणायची!

जिंतूरपासून हे फार लांब घडत नव्हते. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. पुढच्याच वर्षी 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना पदरात घेतले. 'शाळेतून नाव काढले' हे शब्द त्या पिढीत एखाद्या पदकासारखे मिरवले जात, ते यामुळे. आमच्या घरातील पदक हे असे होते.

* * *

जिंतूर गाव स्टँडापासूनच सुरू होते. जुन्या वस्तीत अजून काही माळवदाची घरे तग धरून आहेत. धाब्याच्या छतावर गवत उगवले आहे आणि शेजारी तीन मजली सिमेंटची इमारत उभी आहे. कापड, खते, मोबाइल, सोने-चांदी, पुन्हा खते, असा बाजार. मशिदीची बांग, जैन मंदिराची घंटा आणि एस. टी.चा भोंगा एकाच वेळी ऐकू येतात आणि कोणी कोणाकडे मान वळवून पाहत नाही.

पण गाव खऱ्या अर्थाने पाहायचे तर सकाळी साडेनऊला स्टँडावर उभे राहावे. चारही वाटांनी गाड्या येतात आणि प्रत्येक गाडीतून दप्तरे उतरतात. चारठाण्याकडून, येलदरीकडून, बोरीकडून, तांड्या-वाड्यांवरून. मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत एस. टी.चा पास फुकट मिळतो, त्यामुळे मुलींची संख्या डोळ्यांत भरावी इतकी. निळ्या गणवेशातल्या दोन वेण्या, एका हातात डबा, दुसऱ्या हातात चपलेचा तुटलेला अंगठा. ज्या गावाला रेल्वे नाही त्या गावाचे स्टेशन म्हणजे शाळा. माणूस तिथूनच बाहेरच्या जगाची गाडी पकडतो.

पूर्वी या गाड्या नव्हत्या. तेव्हा खेड्यातली पोरे जिंतुरात वार लावून राहत. सोमवारी एकाकडे जेवण, मंगळवारी दुसऱ्याकडे. गुरुवारचा वार मिळाला नाही तर गुरुवारी चणे. दादा आणि बाबा दोघेही असेच राहिले. पुढे रस्ते झाले, मोटारी आल्या आणि पोरांऐवजी डबे प्रवास करू लागले. आई पहाटे भाकरी थापून डबा गाडीत ठेवी, कंडक्टर तो स्टँडावर उतरवी आणि डब्यावर तेलरंगाने लिहिलेले नाव पाहून पोरगा तो उचली. डबा चुकला असे क्वचितच होई. नावाला तेव्हा किंमत होती.

शाळेची इमारत नवी आहे. जुनीच्या खाणाखुणा एका दगडी ओट्यापुरत्या उरल्या आहेत. मुख्याध्यापकांनी चहा मागवला आणि कारकुनाला बोलावले. मला वाटले होते, ऐंशी वर्षांपूर्वीचे रजिस्टर म्हटल्यावर हे लोक हसतील. कारकून हसला, पण वेगळ्या कारणाने.

"तुमचं नशीब चांगलं बघा. २०२३ ला शिंदे समितीसाठी आम्ही सगळं काढलं, झटकलं, गठ्ठे बांधले. त्याच्या आधी आला असता तर उंदरालाच विचारावं लागलं असतं."

कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून आणि शाळांतून निजामकालीन दप्तरे बाहेर निघाली हे वर्तमानपत्रांत वाचले होते. ज्या कागदांकडे पाऊणशे वर्षे कोणी पाहिले नाही त्यांच्यासमोर रांगा लागल्या. शाळेच्या रजिस्टरात मास्तराने सहज म्हणून लिहिलेला एक शब्द चौथ्या पिढीच्या नोकरीला आणि शिक्षणाला लागू पडावा, याची त्या मास्तराला काय कल्पना असणार?

गठ्ठा समोर आला. वर लिहिले होते, 'दाखल-खारीज'. हा शब्द आपण अजून वापरतो. दाखला, हजेरी, गैरहजर, रजा, अर्ज, मुदत, शिक्का असे सारे शब्द आपल्या मराठी शाळेच्या अंगणात असे मुरले आहेत की ते कोणत्या दारातून आत आले हे कोणी विचारीत नाही. पण रजिस्टर उघडले आणि मी थबकलो. पानभर उर्दू, तीही घसरट शिकस्ता वळणाची. तारखा फसली सनाच्या. मला त्यातले एक अक्षर लागेना, कारकुनाला लागेना.

"थांबा, मास्तरांना बोलावतो," तो म्हणाला.

* * *

मास्तर म्हणजे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ. पांढरी दाढी, स्वच्छ पायजमा, खिशाला दोन पेने. मराठी असे बोलत की ऐकत राहावे. समितीच्या वेळीही त्यांनीच नोंदी वाचून दिल्या होत्या, एक पैसा न घेता.

"माझे वडील याच खात्यात मास्तर होते," चष्मा पुसता पुसता ते म्हणाले. "१९४८ चं पोलिस ॲक्शन झालं, राज्य बदललं, शाळेची भाषा बदलली. काल ज्या भाषेत शिकवायचे तिला आज वर्गात जागा नाही. वडिलांनी चाळिशीत मराठी मुळाक्षरं गिरवली. पाटी माझी होती. मी शाळेतून आलो की पाटी त्यांच्याकडे. कधी कधी मी त्यांना शुद्धलेखन घालायचो. चुकले की कान नाही धरायचो एवढंच!"

आम्ही दोघेही हसलो. मुक्तीची गोष्ट मी आजवर एका अंगाने ऐकत आलो होतो. आपली भाषा शाळेत आली ही आनंदाची गोष्टच. पण घरी उर्दू बोलणाऱ्या एका मास्तराने लेकराच्या पाटीवर पुन्हा 'अ' गिरवला आणि त्याच गावात, त्याच पोरांना शिकवीत आयुष्य काढले, ही गोष्ट कोणी १७ सप्टेंबरला सांगत नाही.

"साल कोणतं पाहायचं?"

"१९४७. ऑगस्ट."

"फसली १३५६. महिना मेहेर." मास्तर सरळ हिशेब करीत होते. फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई, ते आबान महिन्याने संपे. त्यांनी मेहेर महिन्याच्या खारीज नोंदी बोटाने एकेक करून वाचल्या. दादांचे नाव नव्हते. आबान पाहिला. नाही. मग ते मागे गेले. शहरेवर. नाही. अमरदाद.

"हे पाहा," ते म्हणाले. "तुमच्या काकांचं नाव. खारीज, सात अमरदाद. म्हणजे जून. आणि कैफियतीत लिहिलंय..." ते थोडे थांबले. "फीस बाकी. नाव कमी."

जून. म्हणजे झेंड्याच्या आधी दोन महिने.

मी दुसऱ्यांदा वाचायला लावले. तिसऱ्यांदाही. अक्षरे तीच राहिली. प्राथमिकला फी नसे, पण वरच्या वर्गांना ती पडे. काही आण्यांची हाली नाण्यातली गोष्ट. पण ज्या घरात ते आणे नसतील तिथे ती डोंगराएवढी. पुतण्याला काय सांगायचे याचा मी विचार करू लागलो. पदकाचा मुलामा उडाल्यासारखे वाटले.

मास्तरांनी मात्र पान सोडले नव्हते. ते खालची दाखल नोंद वाचत होते.

"तुमच्या वालिदांचं नाव काय म्हणालात?"

मी सांगितले.

"तेही इथेच आहेत. दाखल, नऊ अमरदाद. दोन दिवसांनी. फीस अदा." त्यांचे बोट पुढच्या रकान्यात गेले. "सरपरस्त, म्हणजे पालक. तिथं वडिलांचं नाव नाहीये. लिहिलंय 'बडा भाई'. आणि ही सही."

आजोबा त्याच उन्हाळ्यात तापाने गेले होते हे मला ठाऊक होते. पण आजवर मी ते साल आणि हे साल शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. घरात एकाच मुलाची फी भरण्याइतके पैसे होते. पंधरा वर्षांच्या थोरल्याने सोमवारी आपले नाव कमी करून घेतले असेल आणि बुधवारी धाकट्याचा हात धरून तो पालक म्हणून त्याच टेबलासमोर उभा राहिला असेल. सही उर्दूत होती, वळणदार, सावकाश केलेली. त्या शाळेत दादांनी लिहिलेला तो शेवटचा शब्द असावा.

मास्तरांनी पेनाचे टोपण उगाच लावले, काढले. मग म्हणाले, "अक्षर चांगलं होतं हो त्यांचं."

* * *

संध्याकाळी नेमगिरीला गेलो. गावापासून तीनेक किलोमीटरांवर डोंगरात जैनांची जुनी लेणी आहेत. वाकून आत जावे लागते आणि वाकल्यावर समोर एकदम भव्य मूर्ती येतात. तिथल्या पार्श्वनाथाची मोठी पाषाणमूर्ती लहानशा दगडाच्या आधारावर आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणून तिची ख्याती. दूरदूरचे लोक ती पाहायला येतात आणि खाली वाकून तो दगड पाहतात. एवढा भार एवढ्याशा दगडावर कसा, म्हणून नवल करतात. मी नवल केले नाही. नुसता बसून राहिलो.

खाली दिवे लागत होते. जिंतूरचा तालुका पाहायला येणाऱ्याला पाहण्यासारखे पुष्कळ आहे. चारठाण्याची जुनी देवळे आणि बारव आहे. पूर्णा नदीवर १९६८ साली पुरे झालेले येलदरीचे धरण आणि तेथले वीजघर आहे. शाळेच्या सहली हटकून तिकडे जातात. गावात ज्ञानोपासक महाविद्यालय आहे, म्हणजे मॅट्रिकनंतर परभणीची वाट धरलीच पाहिजे असे राहिले नाही. १९५८ साली मराठवाड्याला विद्यापीठ मिळाले, १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ झाले, १९७४ च्या विकास आंदोलनात याच भागातले विद्यार्थी रस्त्यावर आले आणि वसमतला गोळ्यांना बळी पडले. जे मिळाले ते मागून मिळाले आणि मागणारे बहुधा विद्यार्थीच होते. कुरुंद्याच्या नरहर कुरुंदकरांनी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तरकी करीत साऱ्या महाराष्ट्राला विचार करायला लावले, तेही याच मातीतले. एवढा सगळा प्रपंच कुठल्या कुठल्या 'बडा भाईं'च्या सह्यांवर उभा असेल, कोण मोजणार?

* * *

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला आठवीच्या वर्गावर नेले. "पुण्याचे पाहुणे आहेत, काही विचारा त्यांना," असे त्यांनी सांगितले. मुलांनी विचारले, "पुण्यात मेट्रो हाय का?", "तुमचा पगार किती?", "तुम्ही कामून आलाव?" शेवटच्या प्रश्नाला मी म्हणालो, "माझे वडील याच शाळेत होते." वर्गात एकदम शांतता झाली आणि मग कोणीतरी मागून म्हणाले, "मंग तुम्ही आमचेच की!"

वर्गशिक्षिका बाई तरुण होत्या. त्यांनी सहज विचारले, "दिवाळीनंतर कारखान्यावर कोण कोण जाणार?" दहा-अकरा हात वर झाले. दिवाळी झाली की या माळरानावरची कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात ती पाडव्याच्या सुमारास परततात. मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालवतात. काही राहतात, काही जातात. हात वर केलेल्यांत दुसऱ्या बाकावरची एक मुलगी होती. बाई तिला म्हणाल्या, "तू का गं? तुझा भाऊ तर वसतिगृहात राहणार आहे ना?"

"त्यो राहणार. म्या जाणार," ती म्हणाली. "लहान्याला सांभाळाया कोणीतरी लागतंय ना, बाई." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला ते अधिक लागले.

वर्गाबाहेर आल्यावर मी विचारले, "मग हिचे नाव कमी होते का?"

"छे," बाई म्हणाल्या. "आता आठवीपर्यंत कोणाचंच नाव कमी करता येत नाही. २००९ चा कायदा आहे. आणि कायदा नसता तरी मी केलं नसतं. ती मार्चमध्ये येते तेव्हा हजेरीत मी तिचं नाव घेते आणि ती 'हजर' म्हणते. तेवढ्यासाठी ती परत येते असं मला वाटतं. आईबापांना भेटून बघणार आहे यंदा. बघू."

मी त्यांच्या हाती थोडे पैसे ठेवू लागलो. त्यांनी ते घेतले नाहीत. "पैसे वसतिगृहाला द्या रीतसर, पावती घेऊन," म्हणाल्या. "आणि तिला पत्र लिहा. तिला कधी कोणाचं पत्र आलेलं नाही."

* * *

पुण्याला आलो. काकूंना भस्म दिले. औंढ्याला वाट वाकडी करून गेलो होतो. मग आत्याच्या खोलीत बसलो आणि तिला रजिस्टराची गोष्ट सांगितली. झेंडा ऑगस्टात, नाव जूनमध्ये. फी, सही, बडा भाई. सारे सांगितले.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "झेंडा लावला होता दादानं. ते खोटं नाही. पण तवा तो शाळंत नव्हता. लोकाच्या शेतावर सालानं होता."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"समद्यांना ठाऊक होतं. तुझ्या बापाला तर पयलं."

"मग बाबा ती गोष्ट तशी का सांगायचे?"

आत्याने माझ्याकडे पाहिले. लहानपणी पाढा चुकला म्हणजे पाहायची तसे.

"दादानं शाळा कामून सोडली ते त्यानं कुणाला सांगू दिलं नाही. शपथ घातली होती. म्हणे, धाकट्याच्या मनाला लागंल, त्याचा अभ्यास होणार नाही. मंग तुझा बाप काय करणार? दादाला मोठं म्हणायला त्याच्याजवळ दुसरं होतं काय? त्यानं झेंडा दोन महिने अलीकडं आणला, एवढंच."

दर चैत्रात गावाहून आमच्याकडे ज्वारीचे एक पोते येई. बाबा मास्तर होते, पगार होता, बाजारात ज्वारी मिळत होती. तरी ते पोते येई आणि बाबा ते स्वतः हमालासारखे पाठीवर घेऊन जिना चढत, कोणाला हात लावू देत नसत. आम्ही हसत असू. ते का हसत नसत हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळले.

पुतण्याला मी सारे लिहून दिले आहे. दोन्ही गोष्टी छाप, असे सांगितले आहे. बाबांनी सांगितलेली आणि रजिस्टराने सांगितलेली. वाचणाऱ्याला दोन्हींतून दादा दिसतील.

वसतिगृहाची पावती आली आहे. आणि काल जिंतूरच्या त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीला पत्र टाकले. पत्ता शाळेचाच दिला आहे. पत्र पोचेल तेव्हा ती वर्गात असेल की उसाच्या फडात, ते मला ठाऊक नाही. पण हजेरीत तिचे नाव आहे, तेव्हा पत्र तिची वाट पाहील.